एल गोर्दोचं वजन नक्की किती? दूरच्या दीर्घिकासमूहांचं वस्तुमान कसं काढतात

ज्येष्ठा

एल गोर्दो हा दीर्घिकासमूह, म्हणजे गुरुत्वाने एकत्र धरलेल्या दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) थवा, इथल्या बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. चिलीतल्या अटाकामा कॉस्मॉलॉजी टेलिस्कोपने शोधलेला. त्याचा प्रकाश सात अब्ज वर्षांहून जास्त प्रवास करून आपल्यापर्यंत पोचतो. २०१२ साली दीर्घिकांचे वेग, क्ष-किरण आणि सूक्ष्मलहरी यांचा मेळ घालून त्याचं वस्तुमान काढलं, ते सूर्याच्या साधारण २२ कोटी कोटी पट आलं. कोटी कोटी म्हणजे एकावर चौदा शून्यं. २०१४ मध्ये हबलच्या प्रतिमांवरून, गुरुत्वीय भिंगाच्या पद्धतीने (मागून येणारा प्रकाश समूहाच्या ओढीने किती वाकतो त्यावरून) काढलं तेव्हा आकडा ३१ कोटी कोटींवर गेला. २०२१ मध्ये पद्धत तीच, पण हबलच्या नव्या आणि जास्त मोठ्या क्षेत्राच्या प्रतिमा वापरल्या, तर तो पुन्हा २१ कोटी कोटींवर उतरला.

समूह तोच आहे आणि एवढ्या काळात त्याच्यात काडीचाही फरक पडलेला नाही. बातम्यांमध्ये मात्र दर वेळी एकच आकडा येतो आणि तो ठाम येतो. म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की समूहाच्या वजनाचा प्रत्येक आकडा कुठल्या तरी गृहीतकाच्या पायावर उभा असतो, आणि तो पाया ठाऊक असल्याशिवाय आकड्याचा काही उपयोग नाही. मला या विषयात सगळ्यात जास्त रस आहे तो पद्धती एकमेकींशी भांडतात तेव्हा काय निघतं यात.

सुरुवात सगळ्यात जुन्या पद्धतीपासून करते. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. दिसणाऱ्या दीर्घिकांच्या अंदाजी वस्तुमानावरून हिशेब केला तर त्या एकमेकींच्या मानाने सेकंदाला ८० किलोमीटरच्या आसपास फिरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात फरक हजार किलोमीटरच्या घरात होता. एवढ्या वेगाने पळणाऱ्या दीर्घिका केव्हाच पांगून गेल्या असत्या. त्या एकत्र आहेत म्हणजे त्यांना धरून ठेवणारं आणखी बरंच काही तिथे असलं पाहिजे. झ्विकींच्या हिशेबात ही तफावत निदान ४०० पट होती. तेव्हा विश्वाच्या प्रसरणाचा दर आजच्यापेक्षा सुमारे आठपट मोठा मानत असत, म्हणजे अंतरं फार कमी धरली जात. पुढे ती सुधारली तशी तफावतही उतरली, पण मिटली नाही.

हिशेब करून बघायचा असेल तर तो अगदी सोपा आहे. वेगाचा फैलाव, म्हणजे सरासरीभोवतीची पसरण, सेकंदाला १,००० किमी धरा. त्रिज्या १,५०० किलोपार्सेक धरा, म्हणजे सुमारे ५० लाख प्रकाशवर्षं. गुरुत्वस्थिरांक या एककांत ०.०००००४३. वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या भागिले स्थिरांक, उत्तर ३.५ कोटी कोटी सूर्य. आपल्याला फक्त दृष्टिरेषेतला वेग कळतो, तिन्ही दिशा धरायच्या म्हणून तीनने गुणायचं. झाले साडेदहा कोटी कोटी. कोमासारख्या मोठ्या समूहाचं वजन साधारण याच पट्ट्यात येतं.

पुढच्या पद्धती प्रतिसादांत लिहिते. शंका जरूर विचारा.

वाटसरू

सुरेख धागा, ज्येष्ठाताई. कोटी कोटी हे एकक आवडलं, दहाचे घात वाचताना माझं लक्ष उडतं.

एक प्राथमिक शंका. दीर्घिका हलताना दिसतात का? की वेग फक्त वर्णपटावरून काढतात? आणि त्या सगळ्या गुरुत्वाने एकमेकींशी बांधलेल्याच आहेत हे आधी कसं ठरवलं?

ज्येष्ठा

हलताना दिसत नाहीत. वरच्याच आकड्यांत बघा, १,००० किमीच्या वेगाने १,५०० किलोपार्सेक पार करायला सुमारे दीड अब्ज वर्षं लागतात. त्यामुळे वेग कळतो तो वर्णपटातल्या रेषा किती सरकल्या त्यावरून, आणि तोही आपल्याकडे येण्याचा किंवा आपल्यापासून लांब जाण्याचा तेवढाच. आडवा वेग कळायला मार्ग नाही.

बांधलेल्या आहेत हे गृहीतकच आहे. व्हिरियल प्रमेय लावायचं तर समूह बऱ्यापैकी स्थिरावलेला हवा, म्हणजे गतिज ऊर्जा आणि गुरुत्वीय ऊर्जा यांचा तोल जमलेला हवा. एल गोर्दो तसा नाही. तिथे दोन समूह एकमेकांत घुसताहेत. अशा ठिकाणी दोन गटांचे वेग एकत्र धरून एकच फैलाव काढला तर उत्तराचं काय करायचं हा प्रश्नच आहे.

त्रिज्या

बांधलेपणाच्या मुद्द्यात भर घालते. मी पदव्युत्तर प्रकल्पासाठी अशा वेगांच्या याद्या हाताळल्या आहेत.

एका समूहाच्या दिशेने शंभर-सव्वाशे दीर्घिकांचे वेग हातात येतात. त्यांचा स्तंभालेख काढला की मधे एक छान टेकाड दिसतं आणि दोन्ही कडांना तुरळक दीर्घिका लोंबकळत असतात. समूहातल्या कुठल्या आणि केवळ त्याच दिशेला, पण मागे किंवा पुढे असलेल्या कुठल्या, हे त्या कडेलाच ठरवायचं असतं. समजा उजवीकडचा सात-आठ दीर्घिकांचा एक पुंजका आत घेतला आणि फैलाव ९०० वरून १,१०० वर गेला. समूहाची त्रिज्याही वजनाबरोबर वाढत असल्यामुळे वजन जवळजवळ फैलावाच्या घनाच्या प्रमाणात जातं. म्हणजे १,१०० भागिले ९००, त्याचा घन करा: १.८. सात-आठ दीर्घिकांच्या निर्णयावर समूहाचं वजन जवळपास दुप्पट!

ही छाटणी करायचे नियम आहेत. मधल्या किमतीपासून फैलावाच्या तिप्पट लांब असलेलं काढून टाका, फैलाव पुन्हा मोजा, पुन्हा काढा, असं. डायाफेरिओ आणि गेलर यांनी १९९७ मध्ये आणखी वेगळी वाट दाखवली. केंद्रापासूनचं अंतर आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर मांडला की दीर्घिका एका कर्ण्यासारख्या आकारात बसतात. त्या कर्ण्याची कड म्हणजे त्या त्या अंतरावरचा सुटकेचा वेग, आणि त्यावरून थेट वस्तुमान. या पद्धतीला समूह तोलात असण्याची गरज पडत नाही, म्हणून तो जिथे अजून आत कोसळतो आहे त्या बाहेरच्या भागापर्यंत जाता येतं. पण कड रेखायला पुष्कळ दीर्घिका लागतात, आणि दूरच्या समूहात तेवढे वर्णपट मिळता मिळत नाहीत.

रेवा

हे वेगांचं समजलं. क्ष-किरणांवरून वजन कसं कळतं? क्ष-किरण तर वायूतून येतात ना, आणि वायू म्हणजे काही सगळं वस्तुमान नव्हे.

ज्येष्ठा

प्रश्न अगदी नेमका आहे. वायू इथे स्वतःचं वजन सांगतो आणि त्याला दाबून धरणाऱ्या सगळ्याचंही सांगतो.

डिसेंबर १९७० मध्ये उहुरू उपग्रह सुटला आणि त्याला दिसलं की कोमा, पर्सियस, कन्या हे समूह क्ष-किरणांत पसरट उजळलेले आहेत. नुसत्या एकेका दीर्घिकेतून नव्हे, मधल्या मोकळ्या जागेतूनही क्ष-किरण येताहेत. १९७६ मध्ये एरियल ५ ला पर्सियसच्या वर्णपटात लोखंडाची रेषा मिळाली आणि हा तापलेला वायूच आहे हे पक्कं झालं. तापमान एक कोटी ते दहा कोटी अंश. विरळ इतका की एका घनमीटरमध्ये हजारभर कण. तरी जागा एवढी अफाट की समूहातल्या सगळ्या ताऱ्यांच्या कैकपट वस्तुमान या वायूत आहे. एकूण वजनात तारे थोडे टक्के, वायू दहा-पंधरा टक्के, बाकीचा कृष्णपदार्थ, म्हणजे प्रकाश न देणारा, फक्त गुरुत्वाने जाणवणारा पदार्थ.

एवढा तापलेला वायू उडून का जात नाही? गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं आणि दाब बाहेर ढकलतो, दोन्ही बरोबरीत असतात. क्ष-किरणांच्या उजळपणावरून घनता मिळते, वर्णपटावरून तापमान. दोन्ही मिळून दाब. दाब केंद्रापासून बाहेर कसा उतरत जातो ते कळलं की तिथे किती ओढ हवी ते कळतं, आणि ओढ कळली की आतलं एकूण वस्तुमान. मला ही पद्धत फार देखणी वाटते.

तिचं गृहीतक उघड आहे. सगळा भार तापमानाच्या दाबावर आहे आणि वायू शांत आहे असं आपण धरलं. वायू ढवळलेला असेल, त्यात भोवरे आणि प्रवाह असतील, तर त्या हालचालींचाही दाब असतो आणि तो या हिशेबात येत नाही. मग वजन कमी भरतं.

रेवा

मग तो ढवळलेला आहे की नाही हे कुणी मोजलंय?

ज्येष्ठा

एकदा मोजलं, आणि ती गोष्ट चटका लावणारी आहे. जपानचा हितोमी उपग्रह फेब्रुवारी २०१६ मध्ये उडाला आणि मार्चअखेर हातातून गेला. तेवढ्या वेळात त्याने पर्सियसच्या मधल्या भागाचा असा वर्णपट घेतला की लोखंडाच्या रेषेची रुंदी नीट मोजता आली. वायू नुसता तापलेला असता तर रेषा जेवढी रुंद दिसली असती, त्यापेक्षा ती किती जास्त रुंद आहे यावरून खळबळीचा वेग निघाला: सेकंदाला सुमारे १६४ किमी. म्हणजे हालचालींचा दाब तापमानाच्या दाबाच्या चार टक्क्यांच्या आसपास. मधल्या कृष्णविवरातून निघणारे झोत तिथला वायू सतत घुसळत असताना एवढी शांतता असेल अशी फारशी अपेक्षा नव्हती.

पण हे गाभ्यातलं. समूहाचं बहुतेक वजन बाहेरच्या भागात असतं, तिथे नवा माल अजून कोसळतो आहे, आणि संगणकावरच्या प्रतिकृती सांगतात की बाहेर जावं तशी खळबळ वाढत जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुटलेला एक्सरिझम उपग्रह हेच काम पुढे नेतो आहे.

कोजागर

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

दूरच्या समूहांचा मुद्दा मात्र अजून आलेला नाही. क्ष-किरण असोत की दीर्घिका, अंतर वाढलं की सगळंच मंदावतं. प्रसरणामुळे पृष्ठभागाचा उजळपणा तर १ अधिक रेडशिफ्ट (प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) याच्या चौथ्या घाताने उतरतो. रेडशिफ्ट १ ला म्हणजे सोळापट मंद. मग इतके दूरचे समूह सापडतात तरी कसे?

ज्येष्ठा

याचं उत्तर सुन्याएव-झेल्दोविच परिणाम. अख्ख्या विषयात मला याच्याइतकं थक्क करणारं दुसरं काही वाटत नाही.

महास्फोटानंतरची सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी सगळ्या दिशांनी येते. तिचे फोटॉन समूहातून जाताना तिथल्या तापलेल्या इलेक्ट्रॉनांवर आपटतात. आपटणारे फार थोडे, मोठ्या समूहातही शंभरात एखादा. पण ज्याची टक्कर होते तो थोडी ऊर्जा घेऊन निघतो. परिणामी कमी वारंवारतेला त्या दिशेचे फोटॉन थोडे घटतात आणि जास्त वारंवारतेला थोडे वाढतात. सीमा आहे २१७ गिगाहर्ट्झ. तिच्या खाली समूह पार्श्वभूमीवर काळसर डाग म्हणून दिसतो, वर उजळ, आणि नेमका २१७ ला दिसतच नाही. अशी सही दुसरं काही करू शकत नाही.

आता अंतराचं. समूह इथे स्वतःचा प्रकाश पाठवत नाही, तो मागून येणाऱ्या पार्श्वभूमीत ठरावीक प्रमाणात बदल करतो. दूरच्या समूहाच्या काळी ती पार्श्वभूमी तेवढ्याच प्रमाणात अधिक गरम होती, म्हणजे बदलही तेवढाच मोठा झाला, आणि नंतरच्या प्रवासात दोन्ही सारखेच थंडावले. प्रमाण जसंच्या तसं राहिलं. म्हणून डागाची खोली अंतरावर अवलंबून नाही. २००८ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या १० मीटरच्या साउथ पोल टेलिस्कोपने या पद्धतीने आधी माहीत नसलेले समूह पहिल्यांदा शोधले. अटाकामाच्या ६ मीटरच्या दुर्बिणीला एल गोर्दोही असाच गवसला. पुढे प्लँक उपग्रहाच्या यादीत असे १,६५३ स्रोत आले.

वजनाच्या बाबतीत मात्र हाही दाबच मोजतो, अख्ख्या समूहातल्या इलेक्ट्रॉनांच्या दाबाची बेरीज. दाबावरून वस्तुमानाकडे जायचा पूल इतर समूहांवरून बांधावा लागतो.

त्रिज्या

+१. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की क्ष-किरणांचा उजळपणा घनतेच्या वर्गावर जातो, त्यामुळे दाट गाभा असलेले समूह वाजवीपेक्षा जास्त नजरेत भरतात. इथे घनता एकाच घाताने येते, निवड जरा निष्पक्ष होते.

मुक्तछंद

इतके सगळे पूल आणि गृहीतकं बघून विचारतो, रागावू नका. भिंगाची पद्धत थेट वस्तुमान मोजते ना? गुरुत्वाकर्षण प्रकाश वाकवतं, वाकलेपणा मोजला की संपलं. वायू शांत आहे की खवळलेला, दीर्घिका तोलात आहेत की नाहीत, कशाचाच प्रश्न नाही. मग बाकीच्या पद्धती हव्यात कशाला?

ज्येष्ठा

रागवायचं काय त्यात! भिंगाची ताकद तुम्ही म्हणता तीच आहे. आधी ती ताकद दाखवते, मग अडचणी.

समूहांकडे भिंग म्हणून बघा हे झ्विकींनीच १९३७ मध्ये सुचवलं होतं. प्रत्यक्ष दिसायला पन्नास वर्षं गेली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अबेल ३७० मध्ये एक भलीमोठी प्रकाशाची कमान आढळली, आणि १९८८ मध्ये वर्णपटाने दाखवलं की कमानीची रेडशिफ्ट ०.७२ आहे तर समूहाची ०.३७. म्हणजे ती समूहाच्या पार मागची दीर्घिका, ताणून कमान झालेली.

कमानीवरून वजन काढायला दोन अंतरं आणि एक कोन लागतो. अबेल १६८९ घ्या. दूरच्या स्रोतांसाठी त्याचं आइन्स्टाइन वलय (वाकलेल्या प्रकाशाचं कंकण, कमानी त्याच्याच काठावर पडतात) सुमारे ४५ विकला (आर्कसेकंद) त्रिज्येचं आहे, म्हणजे समूहांमधल्या मोठ्यात मोठ्यांपैकी एक. रेडियनमध्ये ०.०००२२. त्याचा वर्ग करा, प्रकाशवेगाचा वर्ग भागिले चार गुणिले गुरुत्वस्थिरांक याने गुणा, आणि अंतरांचा गट घाला, तो इथे साधारण ७३५ मेगापार्सेक येतो. उत्तर १.८ कोटी कोटी सूर्य. वलयाच्या आतलं वजन, त्यात तारे, वायू, कृष्णपदार्थ सगळं आलं. एवढ्या थोड्या माहितीवर इतकं भक्कम उत्तर दुसरी कुठलीच पद्धत देत नाही.

पण वलयाच्या आतलं. समूहाचा तो मधला छोटासा भाग झाला. बाहेरच्या भागात कमानी नसतात, तिथे मागच्या दीर्घिकांचे आकार किंचित ताणलेले असतात. हे दुर्बल भिंग, १९९० मध्ये टायसन आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा पकडलं. ताण बहुतेक ठिकाणी काही टक्क्यांचा. आणि दीर्घिका मुळातच लंबगोल असतात, त्यांचा स्वतःचा चपटेपणा ताणाच्या दहापट, ०.३ च्या घरात. एकेक दीर्घिका बघून काहीच कळत नाही. शंभर दीर्घिकांची सरासरी घेतली तर गोंधळ ०.३ वरून ०.०३ वर येतो, म्हणजे ताणाएवढाच. खरंच काही सांगायचं तर हजारो दीर्घिका हव्यात. त्यात प्रत्येकीचं अंतर रंगांवरून अदमासायचं, आणि दुर्बिणीने व वातावरणाने आकार किती बिघडवला ते वजा करायचं. जमिनीवरून हे जिकिरीचं काम आहे, म्हणून हबल, आणि आता जुलै २०२३ मध्ये सुटलेली युक्लिड.

त्रिज्या

मुक्तछंद, 'थेट' या शब्दाला माझी हरकत आहे. भिंग त्या दिशेने असलेलं सगळं तोलतं. समूहाच्या पुढे-मागे पदार्थाचा तंतू असेल तर त्याचंही वजन समूहाच्या खात्यावर जातं. आणि समूह गोल नसतात, लांबट असतात. लांबट समूहाचं टोक आपल्याकडे असेल तर आकाशात तो दाट दिसतो आणि वजन फुगतं, आडवा असेल तर उलट. अबेल १६८९ चा गाभा सिद्धांताला न पटण्याइतका दाट वाटायचा, त्याचं मोठं कारण तो दृष्टिरेषेच्या दिशेने लांबलेला आहे हेच निघालं. त्यात कमानींमुळे नजरेत भरणारे समूह निवडले तर असे टोकावर उभे असलेलेच जास्त हाती लागतात.

शिवाय फक्त आकारांवर विसंबलं तर सपाट पसरलेलं वस्तुमान वाढवून किंवा घटवूनही तेच आकार मिळू शकतात. फॉल्को, गोरेनस्टाइन आणि शपिरो यांनी १९८५ मध्येच हे दाखवून ठेवलंय. ते फोडायला स्रोत किती उजळला हे लागतं किंवा वेगवेगळ्या अंतरावरचे स्रोत लागतात.

एकेका समूहाला भिंगाचा आकडा सहज वीस-तीस टक्के इकडेतिकडे होतो. शेकडो समूहांची सरासरी घेतली की मात्र ही पद्धत सगळ्यात भरवशाची, कारण टोकावरचे आणि आडवे एकमेकांना भरून काढतात.

मुक्तछंद

पटलं, त्रिज्या. सरासरीत भरवसा आणि एकट्यात शंका, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढचा प्रश्न. हे सगळं मुळात गुरुत्वाकर्षणाचा नियम बरोबर धरून. तोच मोठ्या अंतरावर वेगळा असेल तर? कृष्णपदार्थ नसेलच तर?

ज्येष्ठा

यासाठी बुलेट समूह बघायला हवा. दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेले. वायू वायूवर आदळून मधे रखडला, दीर्घिका पुढे निघून गेल्या. साधं वस्तुमान बहुतेक वायूत असतं, त्यामुळे कृष्णपदार्थ नसता तर भिंगाचा नकाशा वायूवर बसला असता. २००६ मध्ये क्लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो वायूपासून बाजूला, दीर्घिकांच्या जोडीने आहे. सुधारित गतिकीचे नियम एकेका दीर्घिकेच्या भ्रमणाला चांगले लागू पडतात, पण समूहांत त्यांनाही दिसतं त्याच्या दुपटीच्या आसपास वस्तुमान मानावं लागतं. नियमावर शंका घ्यायला हरकत नाहीच, पण समूह हे त्या शंकेसाठी सगळ्यात अवघड मैदान आहे.

नकाशे खरे आहेत का, याची एक परीक्षा निसर्गानेच घेतली. एमएसीएस जे११४९ या समूहाच्या मागे नोव्हेंबर २०१४ मध्ये एक अतिनवतारा (ताऱ्याचा स्फोट) एकाच वेळी चार ठिकाणी दिसला. त्याला रेफ्सडाल नाव दिलं, कारण भिंगातून येणाऱ्या अतिनवताऱ्यांच्या उशिराचा विचार श्यूर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्येच मांडला होता. वस्तुमानाचे नकाशे करणाऱ्या गटांनी आधीच जाहीर केलं की तोच स्फोट समूहाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा दिसेल, २०१५ च्या अखेरीस किंवा २०१६ च्या पहिल्या काही महिन्यांत. ११ डिसेंबर २०१५ ला हबलने तिकडे पाहिलं आणि तो तिथे होता. प्रकाश किती उशिरा येईल हे वाटेतल्या वस्तुमानाच्या मांडणीवर ठरतं. ती चुकली असती तर तारीखही चुकली असती.

रानपाखरू

हे वाचून अंगावर काटा आला.

कोजागर

मग एल गोर्दोचं काय? ३१ की २१?

ज्येष्ठा

२१ च्या बाजूला राहावं असं मला वाटतं, आणि कारण त्या प्रतिमांमध्ये आहे. २०१४ च्या प्रतिमा समूहाच्या मधल्या भागापुरत्या होत्या. बाहेरचं वजन ठरवायला मधल्या भागाचा उतार एका नमुन्यानुसार पुढे वाढवावा लागला. मोठ्या क्षेत्राच्या प्रतिमा आल्यावर तो उतार ताणत न्यायची गरज बरीच कमी झाली. शिवाय समूहाला कड नसते. एखाद्या गावाची वस्ती मोजताना वेस कुठे धरली यावर आकडा ठरतो, तसंच इथेही. कुणी आतली सरासरी घनता विश्वाच्या क्रांतिक घनतेच्या (प्रसरणाशी नेमका तोल साधणाऱ्या घनतेच्या) ५०० पट असेल तिथपर्यंत मोजतात, कुणी २०० पटींपर्यंत, कुणी क्रांतिक घनतेऐवजी विश्वातल्या पदार्थाची सरासरी घनता धरतात. एकाच समूहाला हे सगळे आकडे वेगळे येतात आणि सगळे बरोबर असतात. एल गोर्दोच्या शोधनिबंधांतही वेशी वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे ३१ आणि २१ मधला थोडा फरक तिथेच जातो.

वाटसरू

एवढी काटेकोर भांडणं नेमकी कशासाठी? दहा-वीस टक्के इकडेतिकडे झालं तर बिघडतं काय?

ज्येष्ठा

फार बिघडतं. मोठे समूह दुर्मीळ असतात, आणि वजन वाढवत गेलं की त्यांची संख्या झपाट्याने कोसळते. त्यामुळे वजनात थोडी चूक झाली तर अमुक वजनाच्या वरचे समूह किती या मोजणीत मोठी चूक होते. आणि त्या मोजणीवरून विश्वात पदार्थ किती आणि तो किती गोळा झाला हे काढतात.

प्लँकच्या बाबतीत हेच घडलं. २०१३ मध्ये त्यांनी सूक्ष्मलहरींवरून अपेक्षित समूहांची संख्या काढली आणि प्रत्यक्षात मोजले तर ते बरेच कमी भरले. क्ष-किरणांवरून काढलेली वजनं खऱ्या वजनाच्या ८० टक्के आहेत असं धरलं होतं. दोन्ही जुळायला ती ५८ टक्क्यांच्या आसपास असायला हवी होती. म्हणजे एक तर वायू आपल्याला वाटतं त्याहून जास्त खवळलेला, किंवा विश्वाच्या नमुन्यात काहीतरी राहून गेलेलं. मग वेगवेगळ्या गटांनी तेच समूह भिंगाने तोलले. क्ष-किरणांची वजनं कुणाला वीस टक्क्यांनी कमी आढळली, कुणाला तीस. म्हणजे अर्धंमुर्धं भांडण मिटलं. २०२४ मध्ये इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या सर्वेक्षणातल्या ५,२५९ समूहांचा निकाल आला, वजनांचा पाया दुर्बल भिंगावर बांधलेला, आणि पदार्थ किती गोळा झाला याचा त्यांचा आकडा प्लँकच्या सूक्ष्मलहरींशी जुळला. त्याच वेळी दीर्घिकांच्या ताणाची काही सर्वेक्षणं त्याहून थोडा कमी आकडा देत होती. यावर काम चालू आहे आणि मी ते डोळ्यांत तेल घालून वाचते.

रेवा

शेवटचं विचारते. सरस्वती महासमूहाची बातमी २०१७ मध्ये आली होती, आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या चमूची. वजन २०० कोटी कोटी सूर्य लिहिलं होतं. तिथे यातली कुठली पद्धत लागते?

त्रिज्या

जशीच्या तशी कुठलीच लागत नाही. सरस्वतीचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं. त्यात चाळीसहून जास्त समूह आहेत आणि मधे प्रचंड मोकळी जागा. सेकंदाला हजार किमीने एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जायला १८० अब्ज वर्षं लागतील, म्हणजे विश्वाच्या वयाच्या तेरापट. तोल जमायला वेळच मिळालेला नाही, मग व्हिरियल प्रमेय कुठून लावणार? तापलेला वायूही एकेका समूहात, अख्ख्या रचनेला व्यापणारा नाही.

तिथे उलट्या बाजूने जावं लागतं. या भागातली घनता विश्वाच्या सरासरीपेक्षा किती जास्त आहे ते दीर्घिकांच्या दाटीवरून काढायचं, आणि एवढ्या घनतेचा गोळा प्रसरणाला पुरून उरून कधीतरी आत कोसळेल का हे तपासायचं. २०० कोटी कोटींचा आकडा तोलात बसलेल्या वस्तूचा नाही, ती अजून घडत असलेली गोष्ट आहे. मधला दाट भाग बांधलेला राहील आणि कडेचे समूह प्रसरणाबरोबर लांब जात राहतील, असं अशा रचनांमध्ये सहसा घडतं.